दोन व्याह्यांची दुभाषी

माझी आई हलबची. नकाशात त्या शहराचं नाव अलेप्पो असं असतं, पण सीरियातली माणसं त्याला हलबच म्हणतात. पप्पा वसईतल्या गास गावचे, वाडीत केळी आणि वाल लावणाऱ्या ख्रिस्ती शेतकऱ्याचा मुलगा. ते मुंबईतल्या एका गिरणीत फिटर होते. गिरणी बंद पडली तेव्हा आधी आखातात गेले आणि तिथून एका कापड कारखान्याची यंत्रं बसवायला हलबला. काम जेमतेम वर्षभराचं होतं. पण कारखान्याच्या टेलिफोनवर बसणारी मुलगी त्यांना आवडली, त्या मुलीला ते आवडले, आणि पप्पा तिथेच राहिले. मी त्यांची एकुलती एक.

आमच्या घरात दोन भाषा होत्या. दिवसभर आईची अरबी आणि संध्याकाळी पप्पा कामावरून आले की त्यांची गावची बोली. गासच्या आमच्या लोकांची घरची बोली वेगळीच आहे. मुंबईचा मराठी माणूससुद्धा ती पहिल्यांदा ऐकतो तेव्हा निम्मीशिम्मी त्याच्या डोक्यावरून जाते. म्हणून घरातलं बोलणं इथे मी साध्या मराठीतच लिहिते आहे. पुस्तकातलं मराठी मात्र पप्पांनी मला शिकवलं नाही. ते म्हणायचे, "तुला तुझ्या आजोबांशी बोलता आलं म्हणजे झालं. बाकीच्यांशी बोलायचं कसं ते बाकीचे शिकवतील."

आईला या बोलीत तिचेच शब्द सापडायचे. साबण, दुकान, हवा, सवाल, जवाब. "हे सगळं तुम्ही आमच्याकडून नेलंत," ती म्हणायची. पप्पा म्हणायचे, "नेलं तर नेलं. वापरतोय ना जपून."

खालच्या मजल्यावर जिद्दो राहायचे. हलबमध्ये आजोबांना जिद्दो म्हणतात. हे माझ्या आईचे वडील, तिथल्या जुन्या ख्रिस्ती घराण्यातले, रेल्वेतून निवृत्त झालेले स्टेशनमास्तर. आजी मी जन्मायच्या आधीच गेली होती. घराच्या दगडी अंगणात त्यांचं एक लिंबाचं झाड होतं आणि शहराबाहेर थोडी ऑलिव्हची बाग होती. माझ्या सगळ्या दुपारी त्या अंगणात गेल्या. जिद्दो खुर्चीत बसून पेपर वाचत आणि पेपरात जे लिहिलेलं नसे ते हळू आवाजात आईला सांगत. सरकारबद्दल मोठ्याने काही बोलायचं नाही, हे मला कोणी कधी समजावून सांगितलं नव्हतं. भिंतीपलीकडे ऐकू जाईल अशा आवाजात हवापाण्याबद्दल बोलायचं आणि बाकीचं पुटपुटायचं, ही आमच्याकडची रीतच होती.

लढाई आली तीही पुटपुटतच आली. आधी दुसऱ्या शहरांतल्या मोर्च्यांच्या बातम्या. मग आमच्या शहरातल्या मोर्च्यांच्या. मग मोर्च्यांवर गोळ्या झाडल्याच्या. तोवर मी शाळेत जात होते, आई वांगी भरत होती. एक दिवस कारखान्याकडचा रस्ता बंद झाला आणि पप्पा घरी बसले. वीज जायची ती येईनाशी झाली. नळ कोरडे पडले, तेव्हा चर्चच्या आवारातल्या विहिरीवर सगळा मोहल्ला पाणी भरू लागला, मुसलमान शेजारीसुद्धा. पावासाठी रांगा लागल्या. दूरवर धडाम असा आवाज झाला की जिद्दो पेपरातून डोकं वर न काढता दिशा सांगायचे, जणू गाडीचीच वर्दी देत होते.

एके दिवशी पलीकडच्या गल्लीत तोफगोळा पडला. आमच्या स्वयंपाकघराची काच फुटून पिठाच्या परातीत पडली. आईने ते पीठ तसंच परातीत ठेवलं आणि ती कितीतरी वेळ त्याच्याकडे पाहत उभी राहिली. पप्पा म्हणाले, "आता निघू या."

आई म्हणाली, "माझे वडील?"

पप्पा खाली गेले, मी त्यांच्यामागे. जिद्दोंनी सगळं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "तुम्ही जा. मी उभा जन्म लोकांना गाडीत बसवून दिलं. मला बसवून द्यायची सवय आहे, बसायची नाही."

आई त्यांच्या पाया पडली, रडली, चिडली. ते हलले नाहीत. आम्ही निघालो तेव्हा ते दारात उभे होते. हातही हलवला नाही. स्टेशनमास्तर गाडी सुटताना उभा राहतो तसे ताठ उभे राहिले.

विमान पकडायला बैरूतला जाताना रस्त्यात किती ठिकाणी बस थांबवली ते आठवत नाही. प्रत्येक ठिकाणी वेगळे कपडे, वेगळे झेंडे. एका पोरसवदा सैनिकाने पप्पांचा पासपोर्ट उघडला, हिंदुस्तानी आहे असं पाहिल्यावर एका हिंदी नटाचं नाव घेतलं आणि गाण्याची एक ओळ म्हणून दाखवली. पप्पांनी पुढची ओळ म्हटली. सैनिक हसला आणि त्याने आम्हाला सोडलं. पप्पा त्यानंतर बराच वेळ खिडकीबाहेर बघत होते.

गासला पोहोचलो तेव्हा मी अकरा वर्षांची होते. आजोबा, म्हणजे पप्पांचे वडील, फाटकाशी वाट पाहत होते. उंच, काळेसावळे, अंगात बंडी, कमरेला टॉवेल. मी त्यांना आमच्या बोलीत म्हटलं, "आजोबा, कसे आहात?" ते माझ्याकडे बघतच राहिले. मग पप्पांना म्हणाले, "अरे, ही तर आपल्यासारखीच बोलते!" आणि वळून विहिरीकडे गेले. बऱ्याच वेळाने तोंड धुऊन परत आले.

त्या घरात ते एकटेच राहत होते. पलीकडे नालासोपाऱ्याच्या इमारती एकेक करत वाडीच्या दिशेने सरकत होत्या, पण आजोबांची केळी, वाल आणि पानवेल होती तिथेच होती.

आईला एक शब्द कळत नव्हता. पहिल्या रविवारी आम्ही चर्चला गेलो आणि तिथे मात्र ती सावरली. मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मराठीत होती, पण कधी उभं राहायचं, कधी गुडघे टेकायचे, कधी काय म्हणायचं हे सगळं तिला ठाऊक होतं. ती आपली उत्तरं अरबीत देत होती. भाकरीचा आशीर्वाद झाला तेव्हा तिने डोळे मिटून जरा मोठ्यानेच म्हटलं, "या अल्लाह."

आमच्या पुढच्या बाकावरच्या बायका वळून पाहू लागल्या. दुपारपर्यंत ही गोष्ट गावभर झाली. संध्याकाळी शेजारच्या एक मावशी आल्या, बसल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि शेवटी आजोबांना म्हणाल्या, "सून मुसलमान आहे हे सांगितलं असतंत तरी चाललं असतं. लपवायचं कशाला?"

पप्पा उठून उभे राहिले. आजोबांनी त्यांना हाताने बसायला सांगितलं. मला विचारलं, "तुझ्या आईच्या भाषेत देवाला काय म्हणतात?"

मी म्हटलं, "अल्लाह. सगळेच म्हणतात. तिकडचे फादरही."

आजोबा मावशींना म्हणाले, "आपण परमेश्वर म्हणतो. सोपाऱ्याच्या देवळातला भटजीही परमेश्वरच म्हणतो. आपल्याला कोणी विचारायला आलं होतं का?"

मावशी उठून गेल्या. पण पुढच्या रविवारी आईने फक्त ओठ हलवले. पप्पांनी तिला काही सांगितलं नव्हतं. तिचं तिनेच ठरवलं होतं. आजोबांच्या लक्षात आलं. बाहेर पडल्यावर ते मला म्हणाले, "तिला सांग, मोठ्याने म्हण. मला एका कानाने कमी ऐकू येतं." त्यांचे दोन्ही कान उत्तम होते.

शाळेत मला दोन वर्ग खाली बसवलं. बोली येत असूनही बाईंचं मराठी मला परकं वाटायचं. पहिल्याच दिवशी बाईंनी प्रेमाने विचारलं, "तुझं शहर कोणतं?" अरबीत शहर म्हणजे महिना. मला वाटलं, बाई जन्माचा महिना विचारताहेत. मी म्हटलं, "सप्टेंबर." वर्ग हसून हसून लोळला. पण मधल्या सुट्टीत मी गावातल्या मुलींशी बोलीत बोलले आणि त्यांचं हसणं थांबलं. एक जण म्हणाली, "तू गोरी आहेस, पण आमचीच आहेस." मला पुष्कळ दिवस सप्टेंबर म्हणून हाक मारत, तेवढं चालायचं.

आई मराठी शिकली ती पाचूबंदरच्या एका कोळीण मावशीकडून. त्या पाटी घेऊन गासपर्यंत यायच्या. आधी दोघींचं सगळं हातवाऱ्यांनी चालायचं. मग मावशी ओट्यावर टेकायच्या आणि म्हणायच्या, "बाय, जरा पानी दे गो." आईने तो शब्द उचलला. ण तिच्या जिभेला जमण्यासारखा नव्हताच, म्हणून पानी तिला सोयीचंच पडलं. फक्त अरबीत प नाही, त्यामुळे ती 'बानी' म्हणायची. पप्पांना बप्पा, पावाला बाव आणि पापलेटला बाबलेट. मावशी पोट धरून हसायच्या आणि आईही हसायची. हलब सोडल्यापासून तिला इतकं हसताना मी पाहिलं नव्हतं.

त्याच्या पुढच्या वर्षी गावात मोर्चा निघाला. टँकरवाले गावच्या विहिरी उपसून इमारतींना पाणी विकत होते आणि वाड्या सुकत चालल्या होत्या. सकाळी आजोबांनी इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला. आईने मला विचारलं, "कुठे निघाले? मिस्साला?"

मी म्हटलं, "मोर्चाला."

मोर्चा काय ते तिला अरबीत सांगितलं आणि तिचा चेहरा बदलला. ती आजोबांच्या पुढे जाऊन फाटक अडवून उभी राहिली. आजोबांना काही कळेना. "तिला सांग, मी जेवायला येतो," ते म्हणाले आणि बाजूने निघून गेले. आईने मला आत ओढलं, खिडक्या लावल्या आणि दुपारपर्यंत मला शेगडीजवळून उठू दिलं नाही. रस्त्यावरून घोषणा ऐकू येत होत्या, बायकांचे आवाज जास्त. प्रत्येक घोषणेनंतर जी शांतता व्हायची, तिच्यात आई श्वास धरून बसायची.

आजोबा जेवायला आले. घसा बसला होता. आई त्यांच्या अंगावरून नजर फिरवत होती, कुठे लागलंय का बघत.

"पोलीस होते?" तिने माझ्यामार्फत विचारलं.

"होते की. त्यातला एक आपल्याकडून केळी नेतो."

"मग काय केलं त्यांनी?"

"उभे होते. ऊन फार होतं बिचाऱ्यांना."

"आणि तुम्ही?"

"आम्ही ओरडलो. साहेबाला निवेदन दिलं. साहेब म्हणाला, बघतो." आजोबांनी पानातला भात कालवला. "चहासुद्धा विचारला नाही."

मी हे भाषांतर करून सांगितलं आणि आई हुंदके देऊन रडायला लागली. आजोबा गोंधळले. "अगं, चहाचं एवढं काय?" ते म्हणाले. मग मी त्यांना सांगितलं की आमच्या शहरात मोर्चाला गेलेली माणसं कशी परत आली नाहीत. आजोबांनी हात धुतला आणि आईच्या डोक्यावर ठेवला. टँकर थोडे दिवस बंद राहिले, मग पुन्हा सुरू झाले. आजोबा पुन्हा मोर्चाला गेले. त्या वेळी आईने त्यांना पाण्याची बाटली भरून दिली. तरी ते परत येईपर्यंत ती फाटकाशीच होती.

जिद्दोंचा फोन रविवारी दुपारी यायचा, तिकडे वीज असली तर. आधी आई बोलायची, मग मी. एकदा आजोबा जवळच बसले होते. ते म्हणाले, "मलाही दे. व्याही आहेत, दोन शब्द बोलायला नकोत?"

व्याही या शब्दाला अरबीत काय म्हणायचं, मला सुचेना. आईने सांगितलं, लग्नाने जोडलेल्या माणसाला 'नसीब' म्हणतात. मी जिद्दोंना सांगितलं. ते खूश झाले आणि फोनवर मोठ्याने ओरडले, "या नसीब!"

आजोबांनी माझ्याकडे पाहिलं. "नशीब? कोणाचं नशीब?"

"तुम्हाला म्हणताहेत."

"बरोबर आहे," आजोबा म्हणाले. "सांग त्याला, माझंही."

तेव्हापासून दर रविवारी दोघांचं बोलणं आणि मी मध्ये. ते बोलायचे पाण्याबद्दल. जिद्दो म्हणायचे, इथे जून ते सप्टेंबर थेंब पडत नाही, पाऊस येतो तो थंडीत. आजोबा फोनवर हात ठेवून मला म्हणायचे, "म्हातारा थापा मारतो. थंडीत कुठे पाऊस पडतो?" आजोबा म्हणायचे, आमच्याकडे चार महिने पाऊस लागतो, कपडे वाळत नाहीत. जिद्दो म्हणायचे, "तुझे हे आजोबा चांगले आहेत, पण वाढवून सांगायची सवय दिसते." मी दोघांनाही ते सगळं सांगत नसे. दुभाष्याने काय गाळायचं हे मी तिथेच शिकले.

जिद्दोंची ऑलिव्हची बाग गेली. कोणत्या बाजूच्या सैन्याने झाडं तोडली ते त्यांना माहीत नव्हतं. थंडी होती, त्यांना सरपण हवं होतं. हे मी आजोबांना सांगितलं. ते म्हणाले, "त्याला विचार, मुळं राहिली आहेत का?" जिद्दो म्हणाले, मुळं असतील. आजोबा म्हणाले, "मग फुटवा येईल. सांग त्याला, घाईने काही उपटू नको."

त्यानंतर एका पावसाळ्याअखेरीस फोन बंद झाला. हलबमध्ये शेवटची मोठी लढाई चालू होती. टीव्हीवर आमच्या शहराचं नाव सारखं येत होतं, पण नेहमी अलेप्पो म्हणून, त्यामुळे ते दुसरंच कुठलं तरी शहर वाटायचं. रविवार आला, गेला. पुढचाही गेला. पप्पा बैरूतला, दमास्कसला, आखातातल्या ओळखीच्या माणसांना फोन लावत होते. आई पाण्याचा नळ सोडून विसरायला लागली.

आजोबा फादरांकडे गेले आणि म्हणाले, "दर शुक्रवारी एक मिस्सा हवी. जिवंत माणसासाठी." फादरांनी विचारलं, कोण आजारी आहे? आजोबा म्हणाले, "माझे व्याही. आजारी आहेत की नाहीत हेच कळत नाही." त्या शुक्रवारी फादरांनी जिद्दोंचं नाव कसंबसं उच्चारलं. पुढच्या शुक्रवारपर्यंत त्यांनी माझ्याकडून ते नीट शिकून घेतलं होतं. हळूहळू त्या मिस्साला माणसं वाढली. शेजारच्या त्या मावशीही येऊ लागल्या, त्या पहिल्या बाकावर बसायच्या. आई 'या अल्लाह' म्हणायची तेव्हा आता कोणी वळून पाहत नव्हतं.

नाताळच्या आसपास फोन वाजला. अनोळखी नंबर. जिद्दो लताकियाला, समुद्रकाठच्या गावी, चुलतभावाच्या मुलीकडे होते. लढाई घरापर्यंत आली तेव्हा शेजाऱ्यांनी त्यांना उचलून ट्रकमध्ये बसवलं होतं. "उचलून!" ते फोनवर ओरडत होते, "मला! सामानासारखं!" आई हसत होती, रडत होती. आजोबा वाडीत होते. मी धावत गेले. ते वालाच्या वेलीला काठी बांधत होते. मी सांगितलं. ते म्हणाले, "बरं," आणि गाठ पुरी बांधली. मग त्याच काठीला धरून खाली बसले.

जिद्दो काही महिन्यांनी हलबला परतले. घराचं छप्पर जागेवर होतं, लिंबाचं झाडही होतं. रविवारचं बोलणं पुन्हा सुरू झालं. आजोबा त्यांना दर वेळी म्हणायचे, "इकडे या. केळीचं पान मांडून जेवू." जिद्दो म्हणायचे, "बघू."

आणि मग आजोबाच गेले. आजार फार मोठा नव्हता. छातीत कफ झाला, दवाखान्यात ठेवलं, बरे होत होते असं वाटत होतं. मी बारावीत होते. अंत्यविधीला अख्खं गाव होतं. कोळीण मावशी पाचूबंदरहून आल्या होत्या, पाटीशिवाय, हातात फुलं घेऊन.

जिद्दोंना सांगायचं काम आईने माझ्यावर सोपवलं. मी सांगितलं. त्यांनी कधी, कसं ते विचारून घेतलं. मग ते म्हणाले, "मी येतो."

"जिद्दो, आता?"

"त्याने इतक्या वेळा बोलावलं. मी बघू म्हणालो. आता बघतो."

व्हिसा मिळायला वर्ष गेलं. ते आले तेव्हा हिवाळा होता आणि त्यांच्या अंगात जाड ओव्हरकोट होता. वसईचा हिवाळा पाहून त्यांनी तो विमानतळावरच काढला. गासला पोहोचल्यावर चहासुद्धा न घेता म्हणाले, "आधी त्याच्याकडे चला."

चर्चच्या मागे दफनभूमी आहे. मी त्यांना आजोबांच्या थडग्यापाशी नेलं. आई आणि पप्पा जरा मागे थांबले. जिद्दो ताठ उभे राहिले, छातीवर क्रुसाची खूण केली, मग मला म्हणाले, "सांग त्याला."

मला कळेना. "काय सांगू?"

"सांग, यंदा आमच्याकडे पाऊस चांगला झाला. बागेत मुळांना फुटवा आला आहे. तो म्हणाला होता तसाच."

मी आजूबाजूला पाहिलं. कोणी नव्हतं. मी आमच्या बोलीत, मोठ्याने, सगळं सांगितलं. जिद्दोंनी माझं बोलणं पुरं होईपर्यंत वाट पाहिली, रविवारी पाहायचे तशी, आणि मग थोडा वेळ तसेच थांबून राहिले.

ते हिवाळाभर राहिले. रोज सकाळी वाडीत जाऊन वालाला पाणी किती घालावं यावर पप्पांशी वाद घालायचे. केळीच्या झाडाला लाकूड नसतं हे कळल्यावर ते दिवसभर बेचैन होते. कोळीण मावशींनी त्यांना सुके बोंबील खायला घातले, त्यांनी ते सभ्यपणे खाल्ले आणि नंतर आईला विचारलं, "या बाईचं माझ्याशी काही वैर आहे का?" आईला वाटू लागलं होतं की ते राहतील. तिने त्यांच्यासाठी मागची खोली रंगवून घेतली.

उन्हं तापायला लागली तशी त्यांनी तिकिटाची गोष्ट काढली. आई म्हणाली, "तिकडे काय उरलंय?"

"घर आहे. झाड आहे. आणि जी माणसं राहिली ती आहेत," ते म्हणाले. "तू इकडची झाली आहेस, ते मी डोळ्यांनी पाहिलं. हेच पाहायला आलो होतो. आता मला जाऊ दे."

"मी येते तुमच्याबरोबर."

"कशाला? माझी पोरगी कोळणीशी भांडते, मोर्चाला पाणी भरून देते. तिला मी तिकडे नेऊन गप्प बसवू?"

विमानतळावर आई त्यांच्या गळ्यात पडली आणि सोडेना. त्यांनी हलक्या हाताने तिचे हात सोडवले. त्यांच्या पिशवीत पप्पांनी दिलेली सुकेळी, म्हणजे आमच्याकडची वाळवलेली केळी, होती. पावसाळ्याच्या आधीच ते गेले, त्यामुळे चार महिन्यांच्या पावसाची गोष्ट त्यांना अजूनही थापच वाटते. ते आता नव्वदीला टेकले आहेत आणि रविवारी फोनवर मला विचारतात, "वसईत सगळं अजून ओलंच का?"

मी नालासोपाऱ्याच्या एका शाळेत शिकवते. आईला भारताचं नागरिकत्व मिळायला बरीच वर्षं लागली. मिळालं त्या दिवशी तिने नेहमीप्रमाणे वांगी भरली. त्यानंतर तिकडे, एका डिसेंबरात, इतक्या वर्षांचं ते सरकार आठवड्याभरात कोसळलं. आम्ही टीव्हीसमोर बसलो होतो. लोक रस्त्यावर नाचत होते, कोणी तुरुंगांची दारं उघडत होतं. आईच्या चेहऱ्यावर आनंद होता की भीती, मला सांगता येणार नाही. जिद्दोंना फोन लावला तर ते मोठ्याने बोलत होते, खिडकी उघडी ठेवून. "पुढे काय येईल ते देव जाणे," ते म्हणाले. "पण आज मी शेजाऱ्याला ऐकू जाईल असं बोलतो आहे." आणि त्यांनी जाणाऱ्या राज्यकर्त्याला एक अशी शिवी दिली की आईने फोन माझ्या कानापासून दूर धरला.

त्याच्या पुढच्या हिवाळ्यात आमच्या महापालिकेची निवडणूक आली, पुष्कळ वर्षांनी. आईचं हे पहिलं मतदान. तसं हलबमध्ये तिने एकदा मत दिलं होतं. कागदावर एकच नाव होतं आणि हो की नाही एवढाच प्रश्न होता, आणि पेटीशेजारी उभा असलेला माणूस कागद दुमडायच्या आधी बघून घेत होता.

केंद्र गावच्या शाळेत होतं. आईने चर्चला नेसते ती साडी नेसली होती. रांगेत ती माझ्या पुढे होती. पप्पांनी तिला आदल्या दिवशी समजावलं होतं की चार जागा आहेत, चार बटणं दाबायची. तिला ते खरं वाटलं नव्हतं.

"एका माणसाला चार?" तिने रांगेतही मला पुन्हा विचारलं.

"हो, मम्मा."

"आणि कोणाला द्यायचं ते कोण सांगतं?"

"कोणी नाही. म्हणजे सांगतात सगळेच. ऐकायचं नाही."

आमच्या पुढच्या बाई वळून हसल्या. आई आत गेली. बराच वेळ बाहेर येईना. मशीनचा आवाज होऊन गेल्यावरही ती पडद्यामागेच होती. शेवटी टेबलावरचा कर्मचारी म्हणाला, "काकी, झालं का?"

"थांबा," आई आतून म्हणाली. "बघते आहे, कोणी बघतंय का."

कर्मचाऱ्याने गोंधळून माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "येईल. तिला जरा वेळ द्या." तो बरं म्हणाला आणि पुढच्या माणसाची चिठ्ठी तपासू लागला. पंख्याखाली आम्ही सगळे उभे राहिलो. मग पडदा बाजूला झाला आणि आई बाहेर आली, शाईचं बोट वर धरून, शाई पुसली जाऊ नये म्हणून.